आतड्यातली झाडलोट

मला जंत झाले होते. पहिल्याच ओळीत लिहून टाकलं, म्हणजे पुढं लाजायचं काम उरत नाही. वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, लेकीचं लग्न होऊन गेल्यावर, चार बायकांत वजन असताना, लहान पोरांना होतात तसले जंत मला झाले आणि त्यांनी मला अंथरुणाला खिळवलं. आता मी धडधाकट आहे. सकाळी दोन भाकरी खाते आणि तिसरीकडं बघत राहते.

दवाखान्यात माझ्या शेजारच्या खाटेवर सुप्याच्या हिराबाई होत्या. निघताना त्या मला म्हणाल्या, "शालन, तुला लिवता येतंय तर हे लिवून ठेव. बाई दमली की घरचे म्हणत्यात वय झालं, आन् बाईलाबी ते खरं वाटतं." त्यांचं ऐकून लिहिते आहे. औषधांची नावं आणि डोस मात्र डॉक्टरांना विचारा, माझ्या लिखाणात शोधू नका.

बाभळीखालचा दगड

आमची वस्ती बावड्याच्या अलीकडं आहे. ऊस आमचे मालक बघतात, म्हणजे माझे यजमान. भाजीपाल्याचं तीस गुंठे रान माझं. सातबाऱ्यावर माझं नाव नाही, पण गावात कुणालाही विचारा. वांगी, गवार, दोडका आणि बांधाला झेंडू. रोप लावण्यापासून क्रेट भरून टेम्पोत चढवण्यापर्यंत सगळं मी करते. घरात जेवढं बोलायला मिळत नाही तेवढं मी त्या वांग्यांशी बोलते, आणि ती बिचारी उलटून बोलत नाहीत.

ह्या रानाच्या तोंडाशी बाभळीखाली एक सपाट दगड आहे. चपला त्या दगडापाशी काढायच्या आणि मगच रानात पाय ठेवायचा, हा माझ्या सासऱ्यांचा नियम. सगळी वस्ती त्यांना आबा म्हणते. लग्न होऊन आले तेव्हा दुसऱ्याच दिवशी मी नव्या चपला घालून रानात निघाले होते. आबा दगडावर बसलेले. ते रागावले नाहीत. "पोरी," एवढंच म्हणाले, "आईच्या अंगावर कुणी पायताण घालून चढतं का?" मी चपला काढल्या त्या काढल्याच. कृषी सहायक आले तरी चपला काढतात. एकदा पीक बघायला आलेले एक साहेब बुटाची नाडी सोडायला तयार होईनात, तेव्हा आबांनी त्यांना बांधावर उभं करून लांबूनच पीक दाखवलं.

मला ह्या नियमाचा कधी जाच झाला नाही. उलट उन्हाळ्यात ठिबकच्या ओळीत अनवाणी पाय टेकला की डोक्यातला सगळा ताप उतरायचा. सगळं सांगून झाल्यावर कुणी विचारलं, की ह्या आजारात तुला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटली, तर मी मरणाचं नाव घेणार नाही. आपल्याला ह्या रानात परत उतरता येणार नाही, ह्याची मला भीती वाटली.

चोरून खाल्लेलं

सुरुवात पायाच्या खाजेनं झाली. बोटांच्या बेचक्यात बारीक पुरळ उठायचं. पाण्यात काम करणाऱ्याला चिखल्या होतातच, म्हणून मी हळद आणि तेल लावून विषय संपवला. मग दम लागायला लागला. आधी क्रेट उचलताना, मग हांडा उचलताना, मग नुसतं अंगणातून घरात येताना. गावातल्या डॉक्टरांनी पाळी जायचं वय आहे म्हणून टॉनिक दिलं. मालक म्हणाले, "वाईच कमी काम करत जा." पण कोणतं काम कमी करायचं ते काही त्यांनी सांगितलं नाही.

आता लाजिरवाणी गोष्ट. मी माती खात होते.

वाफ्याला पाणी सुटलं की जो वास येतो, त्या वासानं माझ्या तोंडाला पाणी सुटायचं. पहिल्यांदा बांधावरचं एक वाळलेलं ढेकूळ नुसतं जिभेला लावून बघितलं. मग रोज एक छोटं ढेकूळ पदराच्या टोकाला बांधून ठेवायला लागले. घरी आले की डब्यातले कच्चे तांदूळ मूठभर. कुणाची चाहूल लागली की तोंड मिटून घ्यायचं. मला वाटायचं आपल्या डोक्यात काहीतरी बिघडलंय. पन्नाशीची बाई माती खाते हे कुणाला सांगणार? वर्षभर मी हे नवऱ्यापासून, लेकीपासून आणि देवापासूनही लपवलं.

एके दिवशी सकाळी वांग्याचा भरलेला क्रेट उचलला आणि रान गरकन फिरलं. शुद्धीवर आले तेव्हा गाल सरीत होता आणि मालक माझं नाव घेऊन हाका मारत होते. गाडीत घालून मला बारामतीला नेलं. वाटेत माझ्या मनात सारखं येत होतं, की क्रेट सांडलाय आणि वांगी उन्हात पडली आहेत.

पेशी वाढल्या

बारामतीत लेक मनीषा असते, एमआयडीसीत नोकरीला आहे. ती आमच्या आधीच दवाखान्यात येऊन उभी होती. रक्त तपासलं. डॉक्टरांनी हिमोग्लोबिनचा आकडा सांगितला, तेव्हा मनीषानं तो परत विचारला, कारण तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मग डॉक्टर म्हणाले, "शिवाय पांढऱ्या पेशी वाढल्यात. त्यातली एक जात फारच वाढली आहे. का, ते शोधावं लागेल."

आमच्याकडं 'पेशी वाढल्या' ह्याचा एकच अर्थ होतो. आमच्या भावकीतली एक सून अशीच पेशी वाढून गेली. मालक खिडकीपाशी जाऊन फोन कानाला लावून उभे राहिले. पलीकडं कुणीच नव्हतं, हे मला त्यांच्या पाठीकडं बघूनच कळलं. मनीषा मोबाइलमध्ये काहीतरी वाचत होती आणि दर थोड्या वेळानं माझ्याकडं बघून हसत होती. ते हसू बघून मला जास्त भीती वाटली. आम्ही तिघंही त्या आजाराचं नाव घेत नव्हतो.

मला रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या. पहिली पिशवी संपता संपता हातापायांत ऊब आली. ते रक्त कुणाचं होतं मला माहीत नाही. बाई का माणूस, कोणत्या गावचं, कोणत्या जातीचं, काही ठाऊक नाही. त्या माणसाला मी आजही रोज दिवा लावताना नमस्कार करते.

दवाखान्यातले दिवस घरच्यापेक्षा शिस्तीचे असतात. साडेपाचला चहा, सहाला थर्मामीटर, मग झाडूवाली मावशी, मग सिस्टर, मग मोठ्या डॉक्टरांची फेरी आणि त्यांच्या मागं शिकाऊ डॉक्टरांची रांग. हिराबाईंच्या मांडीचं हाड मोडलेलं होतं, पण तोंडाला काही झालेलं नव्हतं. "माझं मोडलंय ते दिसतंय तरी," त्या म्हणायच्या. "तुझं काय मोडलंय तेच ह्यांना घावंना." त्यांच्या सुनेनं आणलेली जवसाची चटणी त्यांनी मला अर्धी काढून दिली. तोंडाला चव नसताना खाल्लेली ती चटणी मी विसरणार नाही.

शेवईएवढा

दुसऱ्या दिवशी एक तरुण डॉक्टर मॅडम आल्या. आल्या त्या सरळ माझ्या पायांशी गेल्या. पांघरूण वर करून त्यांनी माझे तळवे बघितले, भेगा बघितल्या, बोटांच्या बेचक्या उघडून बघितल्या. तीस वर्षांत कुणी माझ्या पायांकडं इतकं निरखून बघितलं नव्हतं.

"शेतात काय घालून काम करता, ताई?"

"काही नाही. अनवाणी."

"बरं. आणि माती खावीशी वाटते का?"

मालक बसल्या जागी दचकले. मनीषानं मान वर केली. मी छताकडं बघत म्हणाले, "खाते." आणि मला रडू फुटलं. मॅडमनी माझा हात धरला. म्हणाल्या, "रक्त कमी झालं की शरीर असं मागतं. तुमच्या डोक्यात काही बिघाड नाही. फार बायकांना होतं, फक्त सांगत कुणी नाही." वर्षभराचं ओझं त्या दोन वाक्यांनी उतरलं. ह्या लिखाणातून कुणी एवढंच घेतलं तरी मला पुरे आहे, की तुम्हीही चोरून माती, खडू, तांदूळ खात असाल तर डॉक्टरांना सांगा. ते हसत नाहीत.

त्यांनी शौचाची तपासणी लिहून दिली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी दुर्बीण घालून आतडं बघितलं. घशातून नळी जाताना वाईट वाटतं, पण थोडाच वेळ. मी डोळे मिटून मनातल्या मनात वाफे मोजत होते. अकराव्या वाफ्यावर होते तेव्हा मॅडम म्हणाल्या, "सापडला."

नंतर त्यांनी पडद्यावरचं चित्र आम्हाला दाखवलं. आतड्याची भिंत फिकट गुलाबी होती, आणि तिला चिकटलेला एक बारीक, पांढरट, किंचित वाकडा जीव. शेवईच्या तुकड्याएवढा. तो हलला.

"कॅन्सर नाही," मॅडम म्हणाल्या. "जंत आहेत. आकड्यासारखे चिकटतात आणि रक्त पितात. असे खूप आहेत."

मालक आधी हसले. मग त्यांनी रुमाल तोंडाला लावला आणि त्यांचे खांदे हलायला लागले. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, पण ह्या माणसाला रडताना मी पहिल्यांदा बघितलं. मला मात्र त्या क्षणी राग आला होता. शेवईएवढ्या जिवानं मला सरीत आडवं केलं होतं.

नळी

"शेतातल्या मातीतून येतात," मॅडम समजावत होत्या. "माणसाचा मैला मातीत गेला, की त्यातली अंडी ओल्या सावलीत फुटतात. अळ्या इतक्या बारीक की डोळ्यांना दिसत नाहीत. अनवाणी पाय पडला की कातडीतून आत शिरतात. तुमच्या घरी शौचालय आहे का?"

"पक्कं हाय," मालक ताठ होऊन म्हणाले. "टाइल्सचं."

"मैला कुठं जातो?"

मालकांनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्याकडं बघितलं.

दोन वर्षांपूर्वी शौचालयाची टाकी भरून वाहायला लागली होती. शोषखड्डा खणायला हवा होता. पण आबा म्हणाले होते, "माझ्या बाच्या टायमाला लोक सोनखत इकत आणायचे. आन् तुमी घरचं सोनं खड्ड्यात घालताय?" मालकांना खड्डा खणायचा कंटाळा होताच. त्यांनी टाकीच्या तोंडाला एक काळी नळी जोडली आणि ती थेट माझ्या वांग्यांच्या वरच्या वाफ्यात सोडली. मीही त्याला हो म्हटलं होतं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. त्या वर्षी वांगी अशी लागली की झाडं वाकली. बाजारात बायका विचारायच्या, काय घालता ओ? मी नुसती हसायचे. रोज सकाळी मी त्याच वाफ्यात सगळ्यात आधी शिरायचे, कारण तोडा तिथंच जास्त निघायचा.

मालकांनी हे सगळं मान खाली घालून सांगितलं. मॅडमनी चष्मा काढून पुसला. माती दोघांनीही खाल्ली होती, फक्त मी खरीखुरी खाल्ली होती.

"नळी आजच बंद करा," मॅडम म्हणाल्या. "घरातल्या सगळ्यांची तपासणी, सगळ्यांना गोळ्या. आणि ताई, यापुढं शेतात अनवाणी जायचं नाही. गुडघ्यापर्यंतचे गमबूट. नाहीतर गोळ्यांनी जातील आणि पायांनी परत येतील."

मी मालकांकडं बघितलं. ते हळूच म्हणाले, "आबा न्हाय ऐकायचे."

त्यांनी बाहेर जाऊन आबांना फोन लावला. आबांना ऐकू कमी येतं, त्यामुळं फोन मोठ्या आवाजात असतो आणि आबाही मोठ्यानं बोलतात. दाराआडून मला सगळं ऐकू आलं. आबा म्हणाले, "बूट घालून रानात? जमायचं न्हाय. मग नको येऊ म्हणावं तिला रानात. घरात काय कामं थोडी हायत?"

मी भिंतीकडं तोंड केलं. कॅन्सर नाही म्हणून सगळे पेढे वाटायच्या गप्पा करत होते आणि मी पोरीसारखी हुंदके देत होते. हिराबाईंनी आपल्या खाटेवरून विचारलं, "काय झालं गं, बरी होणार ना तू?" मी म्हणाले, "बरी होऊन करू काय?"

पाहुण्यांची निराशा

एक हलकी गोष्टही सांगते. मला मोठा आजार झालाय म्हणून भावकी भेटायला आली. इंदापूरच्या माझ्या नणंदबाई शहाळं, सफरचंदं आणि आधीच भरलेले डोळे घेऊन आल्या. "वहिनी, कसं गं झालं असं," म्हणत त्यांनी माझा हात छातीशी धरला. मनीषा म्हणाली, "आत्या, कॅन्सर नाहीये. जंत आहेत."

नणंदबाईंनी माझा हात हळूच खाली ठेवला. "जंत?" त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे लगेच कोरडे झाले. थोड्या वेळानं त्यांनी शहाळंही स्वतःच पिऊन टाकलं. त्यांच्यावर माझा राग नाही. एवढ्या लांबून माणूस आला की त्यालाही काहीतरी तोलामोलाचं दिसावं असं वाटतं.

आधी सडा, मग झाडू

गोळ्या सुरू झाल्या. संध्याकाळच्या फेरीनंतर मॅडम थोडा वेळ माझ्यापाशी थांबायच्या. मी त्यांना विचारलं, की त्या वाढलेल्या पेशींचं काय, ज्यांच्या नावानं आमची पाचावर धारण बसली होती?

"त्या तुमच्याच बाजूच्या," त्या म्हणाल्या. "जंत शिरले की शरीर त्या पेशींना कामाला लावतं. त्या वाढल्या होत्या म्हणून तर मला संशय आला. नाहीतर मी तुमचे पाय बघितलेच नसते."

दोन दिवस मी ज्यांना शिव्याशाप दिले, त्या माझ्यासाठी राबत होत्या. मला त्यांची माफी मागावीशी वाटली, पण पेशींची माफी कशी मागतात ते ठाऊक नव्हतं.

"आतडं नुसतं पडून नसतं," मॅडम सांगत होत्या. "जंत आलाय हे भिंतीतल्या काही पेशींना आधी कळतं. त्या हाक देतात. मग भिंतीतून चिकट बुळबुळीत पाणी सुटतं, म्हणजे जंताची पकड सुटावी. भिंतीचा वरचा थर भराभर गळून नवा येतो. आणि आतड्याचे स्नायू जोरात ढकलायला लागतात, बाहेर, बाहेर. तुमच्या भाषेत सांगायचं तर आतडं सडा टाकतं आणि झाडून काढतं."

"मॅडम," मी म्हणाले, "आधी झाडतात, मग सडा टाकतात."

त्या हसल्या. "आतड्याचं उलटं असतं. आधी सडा, मग झाडू."

"मग माझ्या आतड्यानं का नाही झाडलं?"

"झाडलं असणार. रोज झाडत असेल. पण हे जंत लबाड असतात, शरीराला गुंगवून ठेवतात, म्हणून सगळे जात नाहीत. त्यात तुमच्या अंगात रक्त नाही, पोटात धड अन्न नाही, आणि दोन वर्षं रोज सकाळी तुम्ही पायांनी नवीन आत आणत होतात."

त्या गेल्यावर मी पोटावर हात ठेवून पडून राहिले. पोट गुरगुरत होतं. एरवी चारचौघांत पोट गुरगुरलं की मी पदर ओढून घ्यायचे. त्या दिवशी मला ते गुरगुरणं इतकं आवडलं, की हिराबाईंनाही ऐकवावंसं वाटलं. आपल्याला कुणी सांगितलेलं नसताना, आपण झोपलेलो असताना, आत कुणीतरी पहाटेपासून झाडतं आहे. मी अठ्ठावीस वर्षं अंगण झाडते आहे आणि त्याबद्दल कुणी शब्द काढलेला नाही. त्यामुळं त्या आतड्याची मला फार कणव आली आणि अभिमानही वाटला.

गोळ्यांनंतर काय बाहेर पडलं ते मी बघितलं. वर्णन करत नाही, तुमचं जेवण व्हायचं असेल.

आबांचा नमुना

घरातल्या सगळ्यांची तपासणी करायची होती. मालकांनी निमूटपणे डबी भरून दिली. आबा ऐकेनात. "जलमभर कारखान्याला उसाचा नमुना दिला," ते म्हणाले. "आता ह्या वयात ह्यो नमुना देऊ व्हय?" शेवटी मनीषा वस्तीवर गेली आणि दारात ठाण मांडून बसली. आबांचं जगात कुणाहीपुढं चालतं, पण नातीपुढं चालत नाही.

निकाल आले. मालकांना जंत होते, मध्यम. आबांनाही होते, पण थोडेच. तीच माती, तेच अनवाणी पाय आणि वय ऐंशीच्या घरात. मला घरी सोडायच्या दिवशी आबा स्वतः बारामतीला आले. माझ्याकडं न बघता ते मॅडमसमोरच्या खुर्चीत बसले. जरा फुशारकीनंच त्यांनी विचारलं, "मग माझ्यातलं बाकीचं जंत गेलं कुठं?"

मॅडमनी त्यांनाही सडा आणि झाडू समजावून सांगितलं. म्हणाल्या, "तुम्ही जन्मभर मातीत आहात, तुमच्या आतड्याला सवय झाली असेल. शिवाय त्या वरच्या वाफ्यात तुम्ही रोज किती वेळ असता?"

"मी कशाला तिकडं? मी दगडावर असतो बसलेला."

"आणि ह्या?"

आबांनी तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं.

"आबा, बाई झाडायला कमी पडली नाही," मॅडम म्हणाल्या. आवाज मऊ होता, पण बोलणं मऊ नव्हतं. "पण रोज तिच्या दारात कुणी नवीन कचरा आणून टाकला, तर ती किती दिवस पुरी पडणार?"

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. गाडीत ते पुढच्या सीटवर बसले, आणि बारामती सोडल्यापासून वस्ती येईपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. मला वाटलं, रागावलेत.

रान

पुढचे काही आठवडे मी घरात होते. भूक अशी लागायची की मालक म्हणायचे, "शालन, भिंतीला तेवढं सोड." जिना दम न लागता चढले त्या दिवशी मी उगाचच आणखी दोनदा वर जाऊन आले. मातीचा वास आला तरी तोंडाला पाणी सुटेना. सगळं बरं चाललं होतं. फक्त रानाकडं जायची माझी हिंमत होत नव्हती, आणि कुणी ये म्हणतही नव्हतं. चपला घालून गेले तर आबांचा शब्द मोडणार, आणि अनवाणी गेले तर मॅडमचा. अंगणात उभं राहिलं की वांग्याचे शेंडे दिसायचे. मजूर बाया तोडा करायच्या, देठ तोडून टाकायच्या, आणि मी लांबून बघून जळायचे.

एक दिवस जेसीबीचा आवाज आला. घरामागं शोषखड्डा खणत होते आणि आबा काठी टेकून त्यावर लक्ष ठेवून उभे होते. ती काळी नळी त्यांनी स्वतः ओढून काढली होती. वरच्या वाफ्यातली वांगीही उपटून टाकली होती. मालक म्हणाले, "मी न्हाय सांगितलं. त्यांचं त्येंनीच ठरवलं."

नंतरच्या सोमवारी सकाळी आबांनी अंगणातून हाक मारली. "शालन, रानात चल."

मी पदर खोचून त्यांच्या मागं निघाले. काही विचारलं नाही. बाभळीपाशी आले आणि सवयीनं माझे पाय आपोआप चपलांतून निघाले. मग मी बघितलं. दगडावर गमबुटांचे दोन जोड ठेवले होते, धुऊन, पुसून, टाचा आमच्याकडं आणि तोंडं रानाकडं. दोन्ही जोडांना हळदीकुंकू लावलेलं.

आबा दगडाच्या कडेला टेकले. थोडा वेळ दम खाल्ला आणि म्हणाले, "मी आईच्या अंगावर घाण सोडली, आन् पायताण तेवढं बाहीर काढायला लावलं. असला मी शाना." त्यांचा आवाज फाटला. "तुझी चूक न्हाय. माझी हाय."

अठ्ठावीस वर्षांत आबांनी आपली चूक कुणापुढं कबूल केलेली मी ऐकली नव्हती. मी म्हणाले, "आबा, हो तर मीही म्हटलं होतं."

"हे बूट गावात न्यायचे न्हाईत," ते म्हणाले. "बाजारात न्हाईत, लग्नात न्हाईत, रस्त्याला टेकायचे न्हाईत. हे रानाचे. हितंच दगडावर राहत्याल. मग आईला चालत्याल."

मी माझा जोड घातला. मग त्यांच्यापुढं बसून त्यांचा घातला. ऐंशी वर्षं मोकळं राहिलेलं पाऊल ते, बुटात जायला तयार होईना. बोटं फाकलेली, टाच कडक. मी ओढलं, त्यांनी ढकललं. "चावतंय गं," ते म्हणाले. "चार दिवस चावंल," मी म्हणाले, अगदी मनीषाला पहिल्यांदा शाळेचे बूट घालताना म्हणाले होते तसं.

ते काठीवर उठले. दगडापलीकडं पाऊल टाकायच्या आधी थांबले, कमरेत वाकले, उघडा तळहात मातीवर पुरा टेकवला आणि कपाळाला लावला.

"पाय झाकला," ते जणू तिलाच सांगत होते, "हात उघडा हाय की."

मॅडमनी घरी सोडताना हात धुवायचं बजावलेलं मला आठवलं. "जेवायच्या आधी हात साबणानं धुवावे लागतील, आबा."

"धुतो की," ते म्हणाले, आणि माझ्या पुढं रानात उतरले.